दोनदा वजा

“पुन्हा मोज,” ग्वेन म्हणाली.

“चौथ्यांदा?” तंत्रज्ञ ड्रॅगनने चष्मा कपाळावर सरकवला. “मोजतो की. पण तुझ्याकडे बघून आकडा बदलणार नाही हं.”

बाहेर ॲडलेडचा पारा एक्केचाळीसवर होता. एसीने गार केलेल्या प्रयोगशाळेत दोघांच्या अंगात स्वेटर. टेबलावरची चिप तांदळाच्या दाण्याहून लहान होती. मोबाइलच्या टॉवरवर पोचलेला क्षीण संदेश मोठा करणं हे तिचं काम. ते करताना ती स्वतःचा गोंगाट किती कमी मिसळते, यावर तिची लायकी ठरते. तेरा वर्षांपूर्वी ग्वेन पास्कोच्या या चिपने सगळ्यांना मागे टाकलं होतं. त्यावरच्या शोधनिबंधाचा हवाला अजूनही जगभर दिला जाई. कपाट आवरताना चिप सापडली म्हणून ड्रॅगनने ती सहज मोजली, तर गोंगाट छापल्यापेक्षा जास्त निघाला.

ग्वेनने जुनी वही काढली. केबलमध्ये होणारी घट यंत्राने आधीच वजा केली होती. तिने तेव्हा हाताने ती पुन्हा वजा केली होती, म्हणून आकडा कमी आला होता. अक्षर तिचंच, थकलेलं.

“परवा गुरुवारी मुलाखत आहे तुझी,” ड्रॅगन म्हणाला. “शुक्रवारी सांग सगळ्यांना. तेरा वर्षं कुणाला चावली नाही ती चूक, आणखी दोन दिवसांत काय चावणार?”

“आणि प्राध्यापक झाल्यावर सांगू?”

“मग काय! झाल्यावर काढून थोडेच घेतात!”

ती हसली. मग वही पिशवीत टाकून घरी गेली.

प्राध्यापकपदासाठी हा तिचा तिसरा अर्ज होता. अठ्ठावन्न वय, चौथा होणार नव्हता. गुरुवारी समितीच्या अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या, “डॉक्टर पास्को, या निबंधामुळे तर आम्ही सगळे तुम्हाला ओळखतो.”

“त्यातला आकडा चुकलाय,” ग्वेन म्हणाली. “नियतकालिकाला दुरुस्ती पाठवलीय मी. काल.”

“कुणी दाखवून दिलं?”

“कुणी नाही. आम्हालाच सापडलं.”

खोलीत कागद हलले. “मग अर्जात... मुख्य काम म्हणून काय धरायचं?” एकाने विचारलं. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला रकाना भरायचा होता. ग्वेनचं सव्वीस वर्षांचं काम एका रकान्यात कुठून सुरू करायचं?

पंधरवड्याने नकार आला, तीन ओळींचा. ड्रॅगनने तिच्यापुढे सॉस घातलेला मीट-पाय, खिमा भरलेला पॅटिस, सरकवला.

“खा. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.”

“खोटं बोलतोस.”

“हो,” तो म्हणाला. “खोटंच.”

मार्चमध्ये नवा वर्ग सुरू झाला. ग्वेनने फळ्यावर चिपचा आकडा लिहिला, तशी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पुस्तकात कमी दिलाय.”

“पुस्तकातला चुकलाय.”

“पण पुस्तकात तर... पास्को म्हणून कुणीतरी...”

“मीच ती,” ग्वेन म्हणाली. तिने खडू उचलला, आकड्याखाली रेघ ओढली आणि सगळ्यांचं उतरवून होईपर्यंत फळ्यासमोरून बाजूला होऊन उभी राहिली.