सुट्या पात्यांवरचा ठसा

वयाने म्हणाल तर मी म्हातारा, आणि आकाराने म्हणाल तर अंगठ्याएवढा. कात्र्या बनवणाऱ्या कारखान्यातला पोलादी ठसा मी. माझ्या तोंडावर एकच शब्द कोरलेला होता, तोही उलटा: 'हातघडीव'. मला कात्रीच्या पात्यावर उभं धरायचं, माथ्यावर हातोडीचा एक घाव घालायचा, की शब्द सुलटा उमटायचा. मित्रांनो, उलट्या तोंडाने मी तीस वर्षं खरं बोललो. त्यानंतरचे सात महिने मात्र आठवले की अजून शिसारी येते.

मला कोरलं मिस्त्रींनी, ऐन पंचविशीत. कारखान्यात चार कारागीर होते. एक जण लालभडक लोखंड ठोकून पातं घडवायचा, दुसरा ते तापलेलं पातं बुडवून त्याला पाणी द्यायचा, म्हणजे कडक करायचा, तिसरा धार लावायचा. मिस्त्री दोन पाती जोडायचे आणि कात्री कानाशी नेऊन उघडझाप करायचे. आवाज मनासारखा आला तरच माझी पाळी. नाहीतर कात्री परत मागे.

तेव्हा सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. बाजारात दुसरी कात्रीच नव्हती, म्हणून मालक मागतील तो भाव होता. मिस्त्रींची मुलगी घरी शिवणकाम करायची. तिच्या गल्लीत तिघी जणी मिळून एक कात्री वापरायच्या. एकीचं कापून होईपर्यंत दुसरी हातावर हात ठेवून बसायची.

मग परदेशी माल यायची वाट मोकळी झाली. निम्म्या भावात कात्र्या आल्या आणि दुकानांतून भराभरा उठल्या. मुलीनेही एक घेतली. वडिलांचा डबा द्यायला आली तेव्हा ती कात्री पिशवीतून काढायला संकोचत होती.

"दाखव की," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ती कानाशी नेली. "वाईट नाही. दोन वर्षं चालेल."

"बाबा, आता आम्ही तिघी एकदम कापायला बसतो. दिवसाला दोन कपडे जास्त होतात."

"चांगलं झालं."

"पण तुमच्याकडचे दोघं घरी बसले ना?"

"बसले. अख्ख्या गावाचं भलं झालं आणि त्या दोघांच्या पोटावर पाय आला. गावाचं भलं मोठं आहे, मला कळतं. पण गावाने त्या दोघांच्या दारात कुणाला पाठवलंय?"

मुलीने कात्री पुन्हा पिशवीत सरकवली.

उत्तर मालकांनी शोधलं. त्यांनी काढून टाकलेल्या दोघांना एका दिवसापुरतं बोलावलं, चौघांना जुनेच कपडे घालायला सांगितलं आणि सरकारी कचेरीत नेऊन उभं केलं. कारागिरांची चूल विझतेय म्हणून गळा काढला. बाहेर फोटो काढून घेतला. चार महिन्यांनी परदेशी कात्रीवर कर बसला. तिचा भाव आमच्या भावाला येऊन टेकला आणि गल्लीतल्या बायकांनी पुन्हा एका कात्रीवर भागवायला सुरुवात केली.

त्या दोघांना आता कामावर बोलावतील, म्हणून मिस्त्रींनी त्यांच्या ऐरणी पुसून ठेवल्या. माणसं आलीच नाहीत. पेट्या आल्या. आत तेलकट कागदात गुंडाळलेली सुटी पाती, घडवलेली, धार लावलेली, परदेशातूनच आलेली.

"मिस्त्री, एवढा स्क्रू बसवायचा आणि ठसा मारायचा," मालक म्हणाले.

"ही आपली पाती नाहीत."

"कर कात्रीवर आहे, सुट्या पात्यावर नाही. आणि स्क्रू तुमच्याच हाताने बसतोय ना? मग झालीच की हातघडीव."

असं म्हणून ते हसले. तिसरा कारागीरही त्याच आठवड्यात घरी गेला.

आणि मिस्त्रींनी ठसा मारला. पंचावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं काम कोण देणार, हे मला समजत होतं. तरी मला त्यांचाही वीट आला. कात्री कानाशी न्यायचंही त्यांनी सोडून दिलं. त्या थंड, परक्या पात्यावर माझं तोंड दाबलं जायचं तेव्हा उष्ट्या ताटात तोंड घातल्यासारखं वाटायचं. दिवसाला शंभर वेळा. सात महिने.

एका दुपारी मुलगी आली. तिच्या हातात कोरी कात्री होती.

"तुमच्या हातची म्हणून महाग असूनही घेतली," ती म्हणाली. तिने कात्री कानाशी उघडून मिटली. "बाबा, ही तुमची नाही. मागे मी निम्म्या भावात घेतली होती, तीच ही."

मिस्त्री स्क्रू पिळत राहिले.

"तेव्हा त्या दोघांचं काम गेलं, पण माझं भागलं. आता माझे पैसे जास्त जातात आणि तुमच्या त्या तिघांना काम नाहीच. मग माझे जादाचे पैसे जातात कुठे?"

आतल्या खोलीत मालक फोनवर आणखी पेट्या मागवत होते. मिस्त्रींनी तिकडे एकदा पाहिलं. मग मला टेबलावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळलं, कानस घेतली आणि माझ्या तोंडावर चालवायला सुरुवात केली. स्वतः कोरलेली अक्षरं त्यांनी एकेक करून घासून काढली. मला दुखलं असेल, आठवत नाही. अंगावरची घाण निघतेय एवढंच वाटत होतं.

मालक धावत आले. "ठसा कारखान्याचा आहे."

"पोलाद कारखान्याचं," मिस्त्री म्हणाले. "शब्द माझा होता."

मालकांनी मला शेगड्यातून सोडवून दाराबाहेर भिरकावलं. मुलीने मातीतून उचलून घेतलं. मालकांचं काही अडलं नाही. आठवड्याभरात त्यांनी नवा ठसा करून आणला आणि त्याच भावात तीच पाती अजून विकली जातात. मिस्त्री बाजाराच्या कोपऱ्यावर धार लावायला बसतात. कात्री कुठली ते विचारत नाहीत. मी मुलीच्या टेबलावर बेतायच्या कागदांवर वजन म्हणून पडून असतो.

मित्रांनो, स्वस्त घ्या, महाग घ्या, लांबचं घ्या, जवळचं घ्या, त्यात काही वावगं नाही. पण कष्टकऱ्याचं नाव सांगून कुणी तुमच्याकडे जास्त भाव मागितला, तर तो पैसा त्या कष्टकऱ्यापर्यंत पोचतो का, एवढं विचारायला लाजू नका. तुम्हीच विचारू शकता. आम्हा ठशांच्या माथ्यावर घाव पडला, की तोंडावर कोरलेलं असेल तेच उमटतं.