परक्या झेंड्याची बोट

खलाशी खुन-माओ मासेमारीच्या बोटीवर छातीत कळ येऊन गेला आणि कप्तानाने त्याला मासळीच्या बर्फात ठेवलं. बंदर लांब होतं. 'आज संध्याकाळपर्यंत वरून हुकूम आला नाही, तर समुद्रातच सोडतो,' असं त्याने कळवलं. इकडे तोंगकांग गावी त्याची आई हट्टाला पेटली होती: माझं पोर घरी आणा, बापाच्या थडग्याशेजारी ठेवू दे.

आणि मोठी बहीण सु-युन कोण? समुद्राच्या कायद्याची प्राध्यापक! बोटीवर झेंडा एका देशाचा आणि मालक दुसऱ्या देशाचा असला, तर बोटीवर हुकूम कुणाचा चालतो, यावर बाईंनी अख्खं पुस्तक लिहिलेलं. सकाळपासून ती फोनला चिकटून होती. इथलं बंदर खातं म्हणालं, झेंडा आमचा नाही. ज्या बेटाचा झेंडा, तिथल्या कचेरीतली पोरगी म्हणाली, अर्ज पाठवा, बघू. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त माणसं पुरवतो. मेल्यांनो, तेच माणूस गेलंय ना! पण बोलणार काय? प्रत्येकाचं उत्तर कायद्याने बरोबर होतं. वर्गात तीच ते शिकवायची.

"एवढी बुकं वाचलीस," आई कडाडली, "एका कप्तानाला दटावता येईना?"

"माझं कशाला ऐकेल तो?"

"मग कुणाचं ऐकेल?"

"त्यावरच तर सगळे विद्वान भांडताहेत गं, आई."

"कधीपासून?"

"मी कॉलेजात होते तेव्हापासून."

तेवढ्यात समुद्री कायद्याच्या एका परिषदेतून तिचे सहकारी प्राध्यापक ताय यांचा फोन आला. "फार वाईट झालं हो. पण सु-युन, या प्रकरणावर तुमचा लेख यायलाच हवा हं!" तिने फोन आपटला.

संध्याकाळी कप्तान फोनवर बोलला. "हुकूम?"

"नाही."

"मग समुद्रात सोडायला घरच्यांची संमती आहे, एवढं म्हणा. रेकॉर्ड करतोय."

आईने तोंड फिरवलं. "आहे," सु-युन म्हणाली. तिला स्वतःची किळस आली.

"थांबव त्याला!" आई एकदम उठली. "खुन-माओला रस्ता कोण सांगणार?" मेलेल्याला घरी आणताना पूल आला, वळण आलं की हाक मारून सांगायचं असतं, नाहीतर तो मागेच राहतो. "पाण्यात कुठला आलाय पूल! तुला समुद्र ठाऊक आहे ना, तूच सांग."

कप्तान भला होता. त्याने फोन प्रेताच्या कानाशी धरला.

"खुन-माओ, ऐक रे," सु-युन म्हणाली. "आता आहेस ते पाणी कुणाचंच नाही. तिथे थांबू नकोस, बाळा. तिथून पुढे..."

खरखर झाली आणि फोन तुटला. तिने पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. लागेना.

आईने तिची बाही धरली. "कुठवर आणलंस त्याला?"