चटईने दिलेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी जांभळी चटई आहे, योगासनं करायची. माझा रंग विटलाय, एक कोपरा कायमचा वळलाय. तरीही मी विमानाने परदेशी जाऊन आले आहे आणि तिथे पहिल्याच दिवशी माझी साक्ष काढली गेली. तेव्हा थोडी शेखी मिरवली तर रागावू नका.

माझा जन्म कारखान्यातला. रबराच्या लांबलचक पट्ट्यातून मला कापलं आणि गुंडाळून दुकानात पाठवलं. माझा वास इतका उग्र होता की गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे जात. शेवटी मला घेतलं ते दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी. दोन दिवस त्यांनी मला दोरीवर वाळत घातलं आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या माझ्यावर उभ्या राहू लागल्या. सहा वर्षांत एकही खाडा नाही.

सोळा वर्षं लोकांना दाढ काढायच्या वेळा देऊन झाल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी ताईंच्या मनाने घेतलं की आपण योगशिक्षिका व्हायचं. त्यांना हवं तसं प्रशिक्षण परदेशात होतं. समोर तीन पर्याय होते. पहिला सगळाच ऑनलाइन, घरबसल्या प्रमाणपत्र. दुसरा दोन महिने तिथेच राहण्याचा, पण दवाखान्यातून एवढी रजा कोण देणार? तिसरा मिश्र होता: तीन महिने ऑनलाइन, मग तीन आठवडे तिथे राहून सराव आणि शेवटी परीक्षा. ताईंच्या नवऱ्याला पहिलाच सोयीचा वाटत होता. ताईंनी मात्र फोन करून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, माझी चूक मला कोण दाखवणार? पहिल्यांनी सांगितलं, चित्रफीत बघून तुमची तुम्हालाच कळेल. तिसऱ्यांनी सांगितलं, इथे आलात की आम्ही दाखवू.

तरी ताईंचं ठरत नव्हतं. निकाल लावला तो सासूबाईंनी.

"अगं, माझा गुडघा डॉक्टरांनी फोनवरच बघितला होता ना? महिनाभर मी भलतीकडेच शेकत बसले. हात लावून बघणारं माणूस पाहिजे. तू ते तिसरं घे. तीन आठवडे घराचं मी बघते."

ऑनलाइन वर्ग सुरू झाले. माझ्या डावीकडे कपाट होतं, म्हणून फोन कायम उजवीकडच्या स्टुलावर; डावा हात त्यात नीट दिसतच नसे. पडद्यावरचे शिक्षक रोज छान, छान म्हणत आणि ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढे. मला मात्र ठाऊक होतं. कधीकाळी जिन्यावरून पडून ताईंचं डावं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, भीती राहिली. सगळा भार उजव्या हातावर, डावा तळवा माझ्यावर नुसता पाहुण्यासारखा टेकलेला. हे खुद्द ताईंनाही उमगलं नव्हतं. मी सांगणार कशी? चटईला तोंड कुठे असतं?

निघायच्या वेळी कळलं की तिथे सगळ्यांना चटया मिळतात. नवरा म्हणाला, हे ओझं कशाला? ताई म्हणाल्या, हिची सवय आहे मला. आणि मला पिशवीत कोंबलं.

तिथल्या मुख्य शिक्षिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी कुणालाच आसन करायला लावलं नाही. ज्यांनी आपापल्या चटया आणल्या होत्या त्यांना त्या अंथरून बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक चटई हाताने चाचपू लागल्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"उजव्या हाताखाली खड्डा पडलाय आणि डाव्या हाताखाली चटई कोरी. मनगटाला काय झालं होतं?"

ताईंनी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. सहा वर्षं ज्यांनी मला जपलं त्यांचंच बिंग मी फोडलं होतं. मला फार वाईट वाटलं. त्यात मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की परीक्षेत दोन्ही हातांवर तोल सांभाळता आला नाही तर प्रमाणपत्र नाही. म्हणजे पुन्हा काउंटर, पुन्हा दाढा.

ताईंनी हातपाय गाळले नाहीत. रोज सकाळी मोठ्या बाई शेजारी बसत आणि ताईंच्या डाव्या हातावर आपला हात दाबून ठेवत. एकदा ताईंनी हात झटकन काढून घेतला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हात तेव्हा मोडला होता. आता तो मोडलेला नाही."

परीक्षेच्या दिवशी ताईंनी दोन्ही तळवे माझ्यावर रोवले, पुढे झुकल्या आणि पाय उचलले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा डावा हात मला पूर्ण भेटला. मित्रांनो, आनंदाने माझं रबर फाटायचंच बाकी होतं. मग त्यांनी वर्ग घेतला. मागच्या रांगेतला एक उंच गृहस्थ एक टाच अधांतरी ठेवत होता. पुढून ते दिसत नव्हतं. ताई शिकवता शिकवता मागे गेल्या, खाली बसल्या आणि त्याच्या टाचेला हात लावला. मोठ्या बाईंनी लिहिणं थांबवलं आणि पेनाला टोपण घातलं. ताई पहिल्या आल्या.

आज ताई अठरा जणांना शिकवतात. तिथून एक नवी चटई बक्षीस मिळाली होती, ती त्यांनी आपल्या मुलीला देऊन टाकली. ताईंच्या पायाखाली अजून मीच.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्यांना कडक उन्हात टाकू नका, आम्ही तडकतो. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि झिजलो म्हणून लाजू नका. परवा ताईंनी मला उजेडात धरून निरखलं. डाव्या हाताखाली आता मीही झिजू लागले आहे. ते पाहून त्या किती वेळ हसत होत्या!