बटण दाबून बघू

परीक्षा घेताना बाईंना कधी राग यायचा, कधी हसू यायचं. शिसारी आज पहिल्यांदा आली, आणि तीही सख्ख्या दिराची.

वैमानिकांना पास-नापास करणं हे बाईंचं काम. विमानाच्या नाकाएवढी बंद खोली, आत सगळी यंत्रं खरी, काचेपलीकडचं आभाळ तेवढं पडद्यावरचं. आज त्यात धाकटे भाऊजी बसले होते. वर्षानुवर्षं सहवैमानिक म्हणून काढली, आता कॅप्टनची खुर्ची मिळायची होती. सासूबाईंनी तर लेकाच्या पहिल्या फेरीचं तिकीट काढून शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

बाईंनी पडद्यावर ढग भरले, विमान आपोआप उडवणारा ऑटोपायलट बंद पाडला आणि वेग दाखवणारं यंत्र बिघडवलं. अशा वेळी नाक किंचित वर ठेवायचं, इंजिनांचा जोर ठरलेला ठेवायचा आणि बाकीच्या यंत्रांवर नजर फिरवत राहायचं. शिकाऊ असतानाच घोटून घेतात हे.

भाऊजींनी काय करावं? ऑटोपायलटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लिफ्ट येत नाही म्हणून माणूस दाबत सुटतो, तसे दाबतच राहिले. इकडे विमान एका अंगावर कलंडत चाललेलं, समोरचं यंत्र ते धडधडीत दाखवतंय, पण बघतंय कोण? भान आलं तेव्हा त्यांनी विमान वळवायचा दांडा पोटाशी ओढला. नाक उभं झालं, होता नव्हता तो वेग गेला आणि विमान खाली कोसळलं. पडदा लाल झाला.

"वहिनी, परत पहिल्यापासून लावा ना," भाऊजी च्युइंगगम चघळत हसले.

"भाऊजी, मागे दोनशे माणसं होती."

"खरी थोडीच होती? आणि हाताने उडवतंय कोण हल्ली? वर गेलो की बटण. कंपनीच सांगते तसं. घरच्या घरात कशाला ताणता?"

बाईंना त्या हसण्याची किळस आली, आणि असं शिकवणाऱ्या कंपनीचीही. तरी त्यांनी पुन्हा लावून दिलं. भाऊजींचं बोट पुन्हा बटणावरच. बाईंनी नापास लिहिलं आणि त्या बाहेर आल्या.

सासूबाईंचा फोन आलाच. "झाला ना गं कॅप्टन?"

"नाही, आई. मी नापास केलं त्यांना." बाई बोलणी खायच्या तयारीत उभ्या राहिल्या.

"काय आलं नाही त्याला?"

"ऑटोपायलट बंद पडल्यावर हाताने विमान सरळ ठेवता आलं नाही."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "मग इतकी वर्षं विमान चालवत कोण होतं गं?"