तांबडा काठ

“म्हाळसे, धागा डोळ्यानं नगं बघूस. कानानं बघ.”

वडगाव रासाईला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणता विणता तिचे वडील, आबा, असं म्हणायचे, त्याला वीस वर्षं झाली. पण तो आवाज म्हाळसाच्या कानात तसाच होता. म्हणूनच दौंडच्या नमद्याच्या कारखान्यात एवढ्या खडखडाटातही पिंजणयंत्राची बारीकशी ‘चर्र’ तिला ऐकू आली आणि तिनं खटका ओढला.

“आता काय झालं?” योहान मिस्त्री धावत आला. “दुपारपतूर रेल्वेचा माल द्यायचाय, बाई!”

“गोखरू हाय आत. काढा.”

“ऐकू आलं व्हय? काय म्हनलं गोखरू?”

“म्हनलं, मिस्त्रीला उठवा, बसून बसून गंजलाय.”

हसत हसत योहाननं तारेच्या दातांत चिमटा घातला. यंत्राच्या तिसऱ्या रुळावर लोकरीत अडकलेलं काटेरी गोखरू निघालंच. रूळ पुन्हा फिरले आणि लोकरीचा पापुद्रा तरंगत उतरू लागला, भीमेवरच्या सकाळच्या धुक्यासारखा. त्याचे थरावर थर चढायचे, वर साबणाचं कढत पाणी, वाफ, दाब. मग ना ताणा ना बाणा, लोकरच लोकरीला अशी मिठी मारायची की सोडवायला कात्रीच हवी. हाच नमदा. आगगाडीच्या चाकांना तेल पाजणाऱ्या गाद्या त्यातूनच कापत. म्हाळसाच्या यंत्रावरचा माल आजवर परत आला नव्हता.

पटत नव्हतं ते एकट्या आबांना. “धागा न्हाई त्याला कापड म्हनू नगंस,” असं म्हणून तिनं नेलेल्या पहिल्या नमद्यावर ते टेकलेही नव्हते. त्यांचा स्वतःचा माग दोन वर्षं बंद होता. का, तर “लोकर वंगाळ येतीया.”

या खेपेला साहेबांना विचारून तिनं उरल्या लोकरीचा बसण्यापुरता काळा नमदा केला आणि त्याला हातानं तांबडा काठ लावला. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन ती एसटीनं निघाली.

“आबा, घोंगडी इकताना काय करायचा तुम्ही?”

“पानी वतायचो. थेंब गळला तर घोंगडी माघारी.”

“मग धरा दोन कोपरे.”

आबांनी कुरकुरत धरले. उरलेले दोन तिनं ओट्याच्या खांबांना बांधले, मधल्या झोळात तांब्याभर पाणी ओतलं. आबांनी एक कोपरा गुडघ्याखाली दाबला आणि मोकळा हात झोळाखाली नेला. बराच वेळ तो तिथंच फिरत राहिला.

“कोरडं हाय,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “कापड हाय, पोरी.”

म्हाळसाला हसू आवरेना. “आन् काठ?”

“झ्याक. काळ्यावर पांढरा लई उठून दिसतो.”

तिचं हसू तिथंच थांबलं. आबांनी आयुष्यभर पांढराच काठ विणला होता. ती काहीच बोलली नाही. पण कानानं बघणाऱ्याला ते गप्प राहणंही ऐकू आलं.

“कोन्च्या रंगाचा हाय?” त्यांनी हळूच विचारलं.

“तांबडा, आबा.”

आबांचा हात झोळाखालून निघाला, चाचपडत काठावर आला आणि तिथं थांबला.

“लोकर वंगाळ न्हवती, म्हाळसे,” ते म्हणाले. “दोन वर्सं झाली, मला धागा दिसत न्हाई.”