डाव्या बाजूचा चरा

गल्लीत त्यांना सगळे 'हिरो' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही. हाणामारीच्या सिनेमांत नायकांनी घातलेली घड्याळं, अंगठ्या, साखळ्या ते पंचवीस वर्षं जमवत होते. काचेच्या कपाटात प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असायची: कोणी घातली, कोणत्या प्रसंगात. हात लावायची सोय नाही. बायको धूळ पुसायला गेली तरी, "अगं, राहू दे, मी बघतो."

बायकोचं लाँड्रीचं दुकान. लोकांच्या कॉलरी घासण्यात तिची हयात गेली होती. डाग दिसला की हात शिवशिवलेच म्हणून समजा.

त्या दिवशी सिनेमाच्या संग्रहालयातले पारखी घरी यायचे होते. एका सिनेमात पुलावरून उडी मारणाऱ्या इन्स्पेक्टरचं घड्याळ त्यांना पटलं, तर ते तिथल्या दालनात कायमचं मांडलं जाणार होतं, खाली आपल्या या हिरोंच्या नावासकट. नवऱ्याच्या या नादाला नातेवाईक हसतात, हे तिला किती वर्षं सलत होतं. एकदा त्यांची तोंडं बंद होऊ देत. म्हणून या बाईनं काय करावं? हिरो केस कापायला गेले तेवढ्यात घड्याळ काढलं, आणि पितळी बटणं चमकवायची पावडर लावून चांगलं अर्धा तास घासलं. लखलखीत.

पारख्यांनी भिंग काढलं. सिनेमातलं मोठं केलेलं चित्र शेजारी ठेवलं.

"डाव्या कडेला चरा हवा," ते म्हणाले. "उडी मारताना कठड्याला घासून पडलेला. तीच याची ओळख. एरवी अशी घड्याळं पुष्कळ मिळतात."

ती तोंड उघडणार, तोच हिरो म्हणाले, "माझ्या हातून पुसला गेला. म्हटलं, तुम्ही येणार, जरा चमकवू."

पारखी हळहळले आणि निघून गेले.

"खोटं कशाला बोललात?" तिचे डोळे भरून आले. "मला मेलीला हा नसता उपद्व्याप सांगितला होता कुणी? तुम्हाला कळलं कधी?"

"कपाट उघडलं तेव्हाच. तुझ्या पावडरचा वास येत होता."

"रागवा तरी."

"वाईट वाटलंय. नाही कसं म्हणू?" मग तिचा हात ओढून त्यांनी घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. "आता ते कपाटात ठेवून काय करू? घाल तू. इतकी वर्षं लांबूनच बघितलंस."

आठ दिवसही झाले नसतील, दुकानात इस्त्रीच्या टेबलाची लोखंडी कड लागली आणि घड्याळावर चरा उमटला. तोही डाव्या बाजूला. ती हात पाठीमागे लपवत घरी आली. पण हिरोंच्या नजरेतून घड्याळ सुटतंय होय! त्यांनी भिंग घेऊन चरा उलटसुलट पाहिला. "कधी? काय करताना?" एवढंच विचारून ते कपाटाशी गेले, रिकाम्या जागेखालची जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहून लावली. वर बायकोचं नाव होतं. खाली प्रसंग: मंगळवार, डॉक्टरांच्या कोटाला इस्त्री करताना.