बाई आली होती

चावडीत गप्प बसला, तर हंबीरराव पाटलाच्या पदरात बरंच पडणार होतं. थोरल्या बाळासोला इस्लामपूरच्या कचेरीत कारकुनी, मामलेदाराची मर्जी आणि साहेबाशेजारी खुर्ची. बोलला, तर नुसतं पुण्य. आणि पुण्यावर कचेरीत चिकटता येत नाही, हे पाटलाला पक्कं ठाऊक होतं.

जर्मनची लढाई संपत आली त्या उन्हाळ्यात गावात पटकी शिरली. पाटलानं तालुक्याला तशी वर्दी दिली, तर मामलेदार म्हणाला, "पटकी लिहाल तर जत्रा बंद होईल. हगवण लिहा." पाटलानं हगवण लिहिली. हगवणीला कोण विचारतं? आडात औषध पडलं नाही, टोचायला कुणी आलं नाही, माणसं मात्र पटकीनंच मेली.

आता पाऊस सरल्यावर गोरा साहेब आला होता. म्हणे, या साथीतून सरकारला धडा घ्यायचाय.

आदल्या दिवशी राहीबाई, पाटलाची चुलत भावजय, दारात येऊन बसली होती. तिचा लेक नि सून दोघंही गेले होते. "भावजी, उद्या साहेबाम्होरं नाव घ्या तिचं, पटकीचं. आडाला औषध पडलं पायजे. माजा येकच नातू ऱ्हायलाय, गुंडा."

"बघू," पाटील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चावडीत साहेबानं विचारलं, मामलेदारानं मराठीत सांगितलं, "गावात पटकी झाली होती का?"

सगळ्यांच्या माना खाली. त्या रोगाचं नाव तोंडावाटे काढलं की तो उंबऱ्यात येतो, हे लहान पोरालाही कळतं. म्हातारा ज्ञानू कानाच्या पाळ्यांना हात लावून म्हणाला, "न्हाई साहेब. बाई आली हुती."

बाई म्हणजे मरीआई, पटकीची देवी. मामलेदार साताऱ्याकडचाच, त्याच्या आईनं तिला कैक नारळ फोडले असतील. पण त्यानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं, कुणी एक बाई आली होती म्हणतात.

साहेबाचे डोळे चमकले. "कुठून?"

"संस्थानाच्या अंगानं," ज्ञानू म्हणाला. संस्थानातल्या खालच्या गावानं रोग आपल्याकडून घालवायला देवीचा गाडा यांच्याच शिवेवर आणून सोडला होता, ते त्याच्या मनात.

"तिच्याजवळ काय होतं?"

"हिरव्या बांगड्या हुत्या की! खण हुता."

साहेब भराभरा लिहू लागला. तेवढ्यात खांबामागून राहीबाई कडाडली, "आवं भावजी! बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तुमी पटकीचं घेईनासा! ती काय तुमची मालकीन हाय व्हय?"

चावडी खदखदली. साहेबानं विचारलं, ही काय म्हणते? मामलेदार म्हणाला, घरगुती भांडण आहे.

पाटलानं तोंड उघडलं. मामलेदार हळूच म्हणाला, "पाटील, बाळासोचा अर्ज परवाच माझ्या टेबलावर आलाय."

पाटलानं उघडलेल्या तोंडात पान घातलं.

सरकारनं धडा घेतला. रोग संस्थानातून बांगडीवाली बाई आणते, असं ठरलं. होळीच्या आधी हद्दीवर शिपाई बसले आणि मिरजेहून बांगड्या विकायला येणारी अख्तरबी त्यांनी धरली. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींना चुडा तिनंच भरला होता. तिची पाटी रस्त्यावर उलटी केली. "अरं बाबा, मी कसली रोग आनती?" ती विचारत राहिली. शिपायांना तरी काय ठाऊक! त्यांना हुकूम होता. आडाबद्दल मात्र कुठल्याच हुकमात ओळ नव्हती.

चैतात पटकी पुन्हा आली. तिच्यात गेलेल्या गुंडाला उचलायला पाटील पुढं झाला, तर राहीबाईनं पोराला घट्ट धरलं. "सरकारी मानूस तुमी. हात लावू नगा."

मामलेदार बढतीवर साताऱ्याला गेला. साहेबाचा अहवाल छापून निघाला, त्याची वाखाणणी झाली. बाळासो कचेरीत चिकटला. याची किंमत मोजली अख्तरबीनं. तिला पुन्हा हद्द ओलांडू दिली नाही. आणि राहीबाईनं मोजली. तिच्या घरात आता कुणी उरलं नव्हतं.